चौदा पावलांतला बुडखा

९ फेब्रुवारी

ती. माईस,
तुझ्या धाकट्या भावाचा, डिंक्याचा वाकून नमस्कार.

फोन करणार होतो. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, तू "काय?" म्हणायचं आणि भिंतीपलीकडच्या वायरमनने उत्तर द्यायचं. त्यापेक्षा कागद बरा.

काम असं आहे. अंगणातली तुती सप्टेंबरच्या वादळात अर्धी मोडली आणि उरलेली मी करवतवाल्याकडून तोडून घेतली, हे तुला कळवलंच होतं. तिचा बुडखा राहिलाय. तो मला मुळासकट काढायचाय, आणि हातानेच. यंत्र इथवर येत नाही. आमच्या गल्लीत सायकल वळवायची तरी हँडल उचलावं लागतं, तू बघितलंच आहेस.

मापं देतो. बुडखा जमिनीच्या वर फक्त चार बोटं आहे, आडवा सव्वा हात. फाटकापासून दारापर्यंत चौदा पावलं होतात, त्यातल्या नवव्या पावलाला, अगदी वाटेला खेटून. जन्मभर पुस्तकांच्या कडा कापल्या, त्यामुळे करवतवाल्याच्या डोक्यावर उभं राहून कड साफ काढून घेतली होती. वरून हात फिरवलास तर लाकडाची कूस टोचायची नाही.

तू तीस वर्षं रोपवाटिकेत काढलीस, तेही कुणी काही न शिकवता. लावणं येतं तसं उपटणंही येत असेल. सविस्तर लिही.

इकडे सगळं ठीक. ही थोडे दिवस लेकीकडे गेलीय. हात मोकळे आहेत तर म्हटलं अंगण साफ करावं.

तुझा,
डिंक्या


१७ फेब्रुवारी

चि. डिंक्यास,
माईचे तोंड भरून आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि आधी मी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही. तू आणि कुदळ! लहानपणी बागेत पाणी घाल म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं.

असो. पहिली गोष्ट, तू झाड पुस्तकासारखं कापलंस, गाढवा. बुडखा काढायचा असेल तर खोड छातीइतकं उंच ठेवायचं असतं. त्या खोडाला धरून हलवायचं, दोर बांधून ओढायचं, की मुळं आपोआप सैल होतात. तू कढईचे कान कापून टाकलेस आणि आता विचारतोस की उचलू कशी. साफ कड हवी होती ना? आता भोग.

तरी निघेल. न निघायला काय झालं? तुतीचं मूळ पिवळं असतं, चिवट असतं, पण खोटं नसतं. दिसलं तिथे असतंच. बुडख्यापासून दोन हात लांब गोल चर खण. हळूहळू आत सरक. मुळं दिसायला लागली की बादलीने पाणी मारून धू, म्हणजे कुठलं कुठे जातंय ते कळेल. कुऱ्हाड मातीत मारू नकोस. मातीत खडे असतात, दोन घावांत धार जाते. मूळ आधी धुवायचं, मग कापायचं. आणि एकाच जागी नाही, दोन जागी कापून मधला तुकडा काढून टाकायचा. नाहीतर कापलेली टोकं एकमेकांत अडकून बसतात आणि तुला वाटतं मूळ अजून शाबूत आहे. वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. तू एकोणसत्तरचा आहेस, एकोणीसचा नाहीस.

आता दुसरी गोष्ट. तुझी मास्तरीणबाई तिसऱ्या मजल्यावर लेकीकडे चार दिवसांवर कधी राहिलेली मी ऐकलेली नाही. तिला तिथे कोंडल्यासारखं होतं, माझ्याकडे स्वतः म्हणाली होती. थोडे दिवस म्हणजे किती?

तुझी,
माई


२ मार्च

ती. माईस,
नमस्कार.

तुझं अक्षर एवढं मोठं झालेलं पाहून समजलो की माझ्यावर रागावली आहेस. एका पानावर सात ओळी! शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा. रागव, पण कागदाचा विचार कर.

तू सांगितलंस तसं केलं. चर खणायला सहा दिवस गेले. पहिल्या दिवशी चार फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी हाताला पुस्तकाचं कापड गुंडाळून बसलो. पाण्याची युक्ती मात्र नामी. धुतल्यावर सात मुळं मिळाली. मी त्यांच्यावर खडूने आकडे घातले, पानांवर घालतो तसे, म्हणजे कुठलं झालं आणि कुठलं राहिलं याचा घोळ नको. वायरमन भिंतीवरून डोकावला.

म्हणाला, "काका, झाडाची शिवण उसवताय का?"

म्हटलं, "तू तुझ्या वायरी मोज."

"मोजतोच. पण तुमची चार नंबरची वायर आमच्या भिंतीखाली गेलीय. आमचं घर उचलाल."

चार नंबर मी त्याच्या भिंतीपाशी कापलं. आता सातपैकी पाच झालीत. वायरमनने आणि मी दोर लावून ओढूनही पाहिलं, पण दोर लावायचा कशाला? चार बोटांच्या बुडख्यावरून तो सटकतो आणि आम्ही दोघं बुडावर बसतो. कढईचे कान आठवले.

ही बरी आहे. काम वेळेत व्हायला हवं एवढीच काळजी आहे, कारण लेकीला पंधरा एप्रिलपर्यंत काय ते सांगायचंय.

तुझा,
डिंक्या


१० मार्च

चि. डिंक्यास,
आशीर्वाद.

लेकीला काय सांगायचंय? पंधरा एप्रिलला काय आहे? मी बहिरी आहे, बावळट नाही. "ही बरी आहे" एवढं एक वाक्य लिहून तू खालून निसटलास. पूर्वी डिंकाची बरणी फोडलीस की असाच दुसऱ्याच विषयावर भरभर बोलायचास.

मला कळलंय. भांडलात. ती रुसून गेली आणि तू अंगणात झाडाशी झोंबतोयस. अरे, बायको रुसली तर बायकोकडे जायचं, बुडख्याकडे नाही.

ऐक. लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा मी अशीच निघून गेले होते, बारा दिवस. कारण काय तर रोपांवर पाणी जास्त घातलं म्हणून आमचे हे चारचौघांत मला बोलले. तेराव्या दिवशी दारात येऊन उभे. माफी नाही, काही नाही. म्हणाले, "झारी कुठे ठेवलीस?" मी चपला घातल्या. घरी आल्यावर पाहिलं तर झारी नेहमीच्याच खिळ्याला होती. तुला एवढंही जमत नसेल तर कठीण आहे.

मी मास्तरीणबाईलाही वेगळं पत्र टाकलंय आणि त्यात तुला चांगले चार शब्द सुनावलेत. तिची बाजू घेतलीय, आधीच सांगून ठेवते.

राहिलेली दोन मुळं घाईने कापू नकोस.

तुझी,
माई


१९ मार्च

ती. माईस,
नमस्कार.

तू तिला पत्र टाकलंस म्हटल्यावर आता लपवण्यात अर्थ नाही.

भांडण झालेलं नाही. नोव्हेंबरात ही पडली. दोरीवरचे कपडे काढून घरात येत होती, दोन्ही हात भरलेले. बुडख्याभोवती गवत वाढलं होतं आणि तो चार बोटंच वर असल्याने दिसला नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली. तेव्हापासून लेकीकडे आहे, कारण तिथे लिफ्ट आहे. आता वॉकर सोडून काठीवर आलीय.

तुला कळवलं नाही कारण त्याच आठवड्यात तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तू पट्टी बांधून बस पकडली असतीस. हिलाही मीच सांगितलं, माईला लिहू नकोस.

खोड उंच राहिलं असतं तर एखाद्या आंधळ्यालाही दिसलं असतं. मला साफ कड हवी होती. हे रोज एकदा तरी मनात येतं, आणि तू तेच लिहिलंस तेव्हा तुला काही माहीत नव्हतं.

जानेवारीत मी हिला म्हटलं, आता घरी चल. तर म्हणाली, "तो बुडखा तिथे आहे तोवर मी त्या फाटकातून आत यायची नाही." जेवढ्यास तेवढं. लेकीचं म्हणणं, घर विकून दोघांनी तिच्याच मजल्यावर शेजारी राहायला यावं. तिथली जागा रिकामी होतेय, घरमालक पंधरा एप्रिलपर्यंत थांबणार. तिचं चुकतं असंही नाही. पण माई, मी त्या तिसऱ्या मजल्यावर चार दिवस राहिलो. खिडकीतून समोरची खिडकी दिसते. ही दिवसभर खुर्चीत बसून ती खिडकी बघते.

सातही मुळं कापली. खालून भाल्यासारखं मधलं मूळ सरळ आत गेलंय, तिथे करवत पोचत नाही आणि कुऱ्हाड फिरवायला जागा नाही. वायरमनची पहार घालून पाहिली, ती वाकली. गेले तीन दिवस मी खड्ड्याच्या काठावर नुसता बसतोय.

तुझा,
डिंक्या


२६ मार्च

चि. डिंक्यास,

न सांगितल्याबद्दल तुझा कान पिळायचा आहे, तो समोर आलास की पिळीन. मास्तरीणबाईला रुसकी म्हणाले, ते मी परत घेते.

झाडाबद्दल मी तुला बोलले तेही परत घेतलं असतं, पण ते खरं आहे, त्यामुळे राहू दे. चूक झाली. आता ती खणून काढतोयस. यापेक्षा जास्त माणसाने करायचं तरी काय असतं?

रडत बसू नकोस. मधलं मूळ झटक्याने निघत नाही, आणि तुम्ही पुरुष झटकेच मारता. दोघांनी दोर ओढला, पहार वाकवली! त्याला असं काढायचं: खड्ड्यात पाणी भरून एक दिवस जिरू दे. मग वरून सरळ ताण द्यायचा, थोडाच, आणि सोडायचा नाही. तसाच ठेवून निघून जायचं. दुसऱ्या दिवशी मुळाने बोटभर जागा दिलेली असते. मग पुन्हा थोडा ताण, पुन्हा थांबायचं. आम्ही रोपवाटिकेत तीन बांबूंची तिवई आणि साखळी लावून करत होतो, पण तुझा बुडखा जाड आहे, बांबूला पेलायचा नाही. काहीतरी लोखंडी बघ.

हात तुझे, वेळ तुझा. घाई तेवढी करू नकोस.

तुझी,
माई


८ एप्रिल

ती. माईस,
नमस्कार.

निघाला!

सगळं नीट सांगतो. तुझं पत्र वाचताना "थोडा ताण आणि थांबायचं" इथे मी अडलो. अगं, मी दुसरं काय केलं जन्मभर? पुस्तक चिकटवून दाबाच्या प्रेसमध्ये ठेवायचं, चाक अर्धा फेरा फिरवायचं, निघून जायचं. सकाळी आणखी अर्धा फेरा. एकदम आवळलं की डिंक बाहेर येतो आणि पुठ्ठा वाकडा होतो. बांधणी शिकवताना उस्तादांनी मला या एकाच गोष्टीसाठी सर्वांत जास्त बोलणी घातली होती.

दुकान बंद केल्यापासून माझा लोखंडी प्रेस मागच्या खोलीत चादरीखाली पडला होता. वायरमन आणि त्याचा मेहुणा यांनी तो ओढत अंगणात आणला. खालचा पाट नटबोल्ट काढून वेगळा केला. जुन्या दाराच्या दोन तुळया खड्ड्यावर आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावर प्रेसचा सांगाडा उभा केला. वरची जड पट्टी चाक फिरवून अगदी खाली आणली, तिच्याभोवती आणि बुडख्याच्या खालून कापलेल्या मुळांच्या बगलेतून साखळी घेतली. मुळं दोन जागी कापून खुंट ठेवले होते, तेच आता कढईचे कान झाले. मग चाक उलट फिरवलं. पट्टी वर सरकली, साखळी ताठ झाली.

वायरमन म्हणाला, "चला, मारा जोर!"

म्हटलं, "जोर नाही मारायचा. आता घरी जा."

"म्हणजे?"

"उद्या ये."

तो मेहुण्याकडे बघायला लागला. काका सटकले असं त्याला वाटलं असणार.

सकाळी अर्धा फेरा, दुपारी पाणी, संध्याकाळी अर्धा फेरा. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी बुडख्याभोवती मातीला भेग दिसली, सुतळीएवढी. चौथ्या दिवशी बोटभर. सहा तारखेला सकाळी अकरा वाजता मी चाकाला हात लावला आणि खालून आवाज आला, जुनी शिवण तुटताना येतो तसा, पण खूप मोठा. बुडखा वीतभर वर आला आणि साखळीत लटकत राहिला. वायरमन भिंतीवर चढून टाळ्या वाजवत होता. त्याची बायको बाहेर येऊन विचारत होती, कुणाचं काय झालं.

त्याच झटक्यात प्रेसच्या त्या जड पट्टीला तडा गेला. आता त्यात साधी वहीसुद्धा दाबता यायची नाही. असू दे. त्याने शेवटचं काम चांगलं केलं.

दुपारीच लेकीकडे गेलो. हिला म्हटलं, "निघाला." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. आनंद नाही, काही नाही. ते "बरं" दोन दिवस माझ्या डोक्यात फिरतंय. बारा तारखेला आणायला जातोय. आलीच नाही तर काय करू?

तुझा,
डिंक्या


१४ एप्रिल

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मला मार्चमध्येच मिळालं होतं. तुम्ही माझी बाजू घेऊन ह्यांना जे सुनावलंत ते वाचून लेक आणि मी इतक्या हसलो की खुबा दुखायला लागला. उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहावं लागलं असतं. आज लिहिते.

मला त्या बुडख्याची भीती नव्हती. पडले ती माझी घाई होती. कपडे हनुवटीपर्यंत घेतले होते, पायाखालचं दिसत नव्हतं. हे मी ह्यांना दहा वेळा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ. भीती मला वेगळीच होती. दवाखान्यात मला उठवताना-बसवताना ह्यांचे हात थरथरायचे. मनात म्हटलं, घरी गेलं की हे एकटेच मला उचलणार, आणि एक दिवस दोघंही पडणार. लेकीकडे या म्हटलं तर हे तयार नाहीत. सरळ सांगावं, तर "मी समर्थ आहे" म्हणून भांडले असते. म्हणून म्हटलं, बुडखा काढा, मग येते.

वन्सं, तो निघणार नाही याची मला खात्री होती. ज्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही, तो हे काय करणार? एप्रिल येईल, हे थकतील आणि आपणहून बॅग घेऊन वर येतील. चाळीस वर्षं मी मुलांना गणितं घातली, पण सुटू नये म्हणून घातलेलं गणित हे पहिलंच.

सहा तारखेला हे आले आणि "निघाला" म्हणून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तळव्यांना घट्टे पडलेले, नखांत पिवळी माती. आणि थरथर नाही. दोन महिने कुदळ मारून ते हात सुताराचे झाले होते. मी नुसतं "बरं" म्हटलं.

लेकीला मीच सांगितलं, ती जागा आम्हाला नको, घरही विकायचं नाही. ती रागावली नाही. म्हणाली, "मग दोघं रोज फोन करा."

परवा आले. हे फाटकापाशी काठी घेऊन माझ्या डाव्या बाजूला उभे. चौदा पावलांची आता माझी एकतीस होतात. खड्डा बुजवून, माती ठोकून, वर फुटक्या विटांची वीटकर पसरून ठेवलीय. अठरा पावलं नीट गेली. एकोणिसाव्याला पाय भरून आला आणि मी इकडेतिकडे बघायला लागले. तर भिंतीच्या कडेला तो बुडखा. खालची मुळं सारखी कापून त्याचे चार पाय केलेले, साफ कड वर.

मी म्हटलं, "डुगडुगत नाही ना?"

हे म्हणाले, "बसून बघ. कड तेवढी साफ आहे."

बसले. डुगडुगत नाही. पाच मिनिटं तिथेच होते. हे बाजूला उभे राहून भलतीकडे बघत होते. मग उठले आणि उरलेली बारा पावलं गेले.

मी हे सगळं मुद्दाम केलं होतं, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का?

तुमची,
मास्तरीण


२१ एप्रिल

चि. सौ. मास्तरीणबाईस,
तुला आणि तुझ्या एकतीस पावलांना आशीर्वाद.

आधी माझी चोरी सांगते. नोव्हेंबरात माझा जो डोळा सुधारायचा होता तो सुधारलाच नाही. म्हणून अक्षर मोठं. डिंक्याला वाटलं मी रागावले, मी वाटू दिलं. तुमची पत्रं मला औषधाच्या दुकानातली बाई वाचून दाखवते. आणि मी बहिरी, म्हणजे ती ओरडून वाचते. तुझं पत्र वाचलं तेव्हा दुकानात आठ माणसं होती. "निघणार नाही याची मला खात्री होती" इथे खोकल्याचं औषध घ्यायला आलेला गृहस्थ म्हणाला, "बाई, पुढे वाचा, पुढे." बुडख्यावर बसलीस तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तेव्हा तुझं गुपित आता आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, एका डिंक्याला सोडून. त्याला तू सांगू नकोस. त्याने तो बुडखा तुझ्यासाठी काढला. ते तसंच असू दे.

आता कामाचं. बुजवलेला खड्डा लगेच बसत नाही. पाणी पडलं की माती खचते, आज सपाट दिसते तिथे महिन्याभरात बोटभर खळगा होतो. तुझा पाय नेमका तिथेच पडेल. वीटकर बाजूला करून दर रविवारी एक घमेलं माती टाकायची, ठोकायची, आणि वर पट्टी ठेवून पातळी बघायची. माती डिंक्याने टाकायची. पातळी तू बघायचीस, बुडख्यावर बसून.

असं वर्षभर करावं लागतं. दोघांपैकी एकानेही मध्येच सोडायचं नाही. हे गणित मी सुटेल असंच घातलंय.

तुझी,
वन्सं